मेसच्या वहीत

कृतेशच्या नावासमोर महिनाभर रेघा.
प्रेमावती बाय विचारते,
"सावयवेऱ्याच्या पोराला आमचं हुमण रुचत नाही काय?"
मी नुसती मान हलवतो.
खोटं बोलायलाही तोंड रिकामं लागतं.

रात्री दीडला खनिजांची नावं घोकता घोकता
तो पितळी डबी उघडतो.
देठ खुडतो, शिरा नखानं सोलतो,
घाई फक्त अभ्यासाला.
चुना, कात, सुपारी, चिमूटभर काळी तंबाखू.
मग भूक उठते
आणि व्हरांड्यात जाऊन बसते
बांबोळीचे दिवे मोजत.

सकाळी पोदेराचा भोंपू.
मी गरम पोयी आणतो;
तो आतलं मऊ तेवढं गिळतो,
कडा माझ्याकडे सरकवतो.
चुन्यानं भाजलेल्या जिभेला
हल्ली सोलकढीही चावते.

रविवारी त्याचे बाबा आले,
कुळागराचा चिखल चपलांना.
हळदीच्या पानातल्या पातोळ्या,
आणि ओल्या फडक्यात शंभर विड्याची पानं:
"आपल्याच वेलीची. मास्तरांना दे."
पातोळ्या आम्ही मुलांनी संपवल्या.
फडकं मात्र कृतेश रोज संध्याकाळी
न विसरता भिजवत राहिला.

परीक्षेच्या आदल्या रात्री
फडक्यात नुसतं पाणी उरलं.
साडेदहाला तो मेसच्या दारात,
"बाय, काय आहे?"
तिनं टोप खरवडला.
करपलेला भात, वाटीभर कढी.

पहिला घास त्यानं
डाव्या गालात
तसाच धरून ठेवला.