पेव

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
गणपती पेठेतल्या आमच्या अडत दुकानात
कुणीही नसताना काम सुरू होतं.
क्रॉनला चहा लागत नाही,
अमावस्येलाही तो सौदे बंद ठेवत नाही.

लिनक्सच्या एका मशीनवर पाच जणांची पाच होम:
काट्यावरच्या दादू खोताचं,
रोजमेळ लिहिणाऱ्या आवटीबाईंचं,
मालकांचं, ज्यात निम्मे नातीचे फोटो,
माझं,
आणि दस्तगीर मुजावरांचं.

स्क्रिप्ट मी लिहिली, एकेचाळीस ओळींची.
बदललेलं तेवढंच वेचायचं, आवळायचं, कुलूप घालायचं,
आणि जतला धाडायचं, नणंदेच्या माळ्यावरच्या डिस्कवर,
जिथं पाणी आलंच तर टँकरनं येतं.

दस्तगीरचाचांना ते कुलूप सांगताना मी अडखळले.
लावायला किल्ली लागत नाही, चाचा.
उघडायला लागते. ती ज्याची त्याच्यापाशी,
आणि तिचा शब्द मशीनलासुद्धा माहीत नसतो.
ते हसले. पोरी, हे तर पेव.

हरिपुरात त्यांच्या बापानं जन्मभर हळद पुरली.
दोन पुरुष खोल खड्डा, कडेनं पाचट,
तोंडावर माती आणि शेण.
वरून बघणाऱ्याला नुसती जमीन.
कुणाची पोती कुठं, ते एकट्या बापाच्या डोक्यात.
आणि पेव फोडलं की आधी कंदील सोडायचा आत.
विझला तर माणूस उतरवायचा नाही.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
मी माझी एक जुनी फाइल जतहून मागवते,
उघडते, वाचून बघते.
वहीत त्यापुढं लिहिते: कंदील.

आपला शब्द त्यांनी मला पाठ करायला लावून टाकला.
दोन बोटांनी.
मी बावीस टकटक मोजल्या, मग एंटर.

रमजानात ते गेले.
ऑगस्टात आयर्विन पुलाची पट्टी सत्तावन्न फुटांवर गेली
आणि मशीन पाच दिवस कृष्णेत राहिलं.

जतहून चौघांचं सगळं परत आलं.
मालकांच्या नातीचा पडका दातसुद्धा.
चाचांचंही आलं: नऊ जीबी,
बेरीज जुळते, एक बाइट हललेला नाही.
फक्त उघडत नाही.

त्यांचा अल्ताफ दोन दुपारी माझ्या खुर्चीत बसला.
आईचं नाव घातलं, गावाचं, बकरीचं,
विकलेल्या लूनाचा नंबर.
दर खेपेला माझ्याकडं बघायचा,
जणू मी त्या दिवशी चोरून मागं वळले असेन.
वळले असते तर बरं, असं मलाही एकदा वाटलं.
काय असेल ओ आत?
भाव, पावत्या, मी म्हणाले.
मला काय माहीत.

वर्षापेक्षा जुन्या प्रती स्क्रिप्ट आपोआप पुसते.
जागा काही फुकट मिळत नाही.
जुलैत मी तिच्यात एक ओळ वाढवली, बेचाळिसावी:
हे सोडून.

माझा शब्द कागदावर लिहून नणंदेला दिला.
तिनं घडी न उलगडता ज्वारीच्या कणगीत खुपसला
आणि म्हणाली, भाकरी करताना सापडला तर?

नव्या मशीनवर चाचांच्या नावाचं रिकामं होम आहे.
स्क्रिप्ट तिथंही जाऊन येते.
आज पहाटेचा लॉग:
खोत, झालं. आवटी, झालं. मालक, झालं. मी, झालं.
मुजावर, बदल नाही.