बेटावरचा फळा

मोबाईलच्या नकाशात आमचं बेट नाही.
बोट ठेवलं की नुसतं निळं पाणी,
कृष्णा सरळ गेलेली, कुठं न फाकता.
म्हणजे चारशे दहा माणसं, चौथीपर्यंतची शाळा,
पिठाची गिरणी, माझी औषधांची पिशवी
सगळं पाण्यात.
खाली बारीक अक्षरात :
जवळचं केंद्र अठ्ठावीस किलोमीटर. हवा समाधानकारक.

समाधान कुणाचं, ते लिहिलेलं नसतं.

तरी रोज साडेसातला
मी तो आकडा खडूनं उतरवते
पंचायतीच्या फळ्यावर,
पाणीपट्टीच्या थकबाकीशेजारी.
वरून तसा आदेश आहे.
माणसं थकबाकी वाचतात.

पैलतीरी कारखान्याचं धुरांडं,
ऐलतीरी वीटभट्ट्या,
आमच्या हद्दीत चुलीखेरीज काही जळत नाही.
पण मार्गशीर्ष लागला की वारा पडतो,
थंडी नदीवर झाकण ठेवते
आणि दोन्हीकडचा धूर
पाव्हण्यासारखा मुक्कामाला येतो.
पाव्हणा निदान जाताना येतो म्हणतो.

नावाडी सुबराव वल्हं थांबवून नाक वर करतो :
"आज वीट हाय."
"आज मळी."
"आज पाचट, आन् वल्लं हाय."
त्याच्या नाकाला आकडे येत नाहीत
पण ते अठ्ठावीस किलोमीटर लांबही नाही.

माझ्या वहीत 'दम' या रकान्यात
गेल्या साली चार नावं होती.
आता अकरा.
अकरावा अरमान मुलाणी, वय सहा,
वळकटीला टेकून बसल्या बसल्या झोपतो.
त्याची आई फळ्यापुढं उभी राहिली एकदा,
कडेवर धाकटी, हातात धुतलेली पांढरी चादर,
चादरीवर काळी भुरभुर.
म्हणाली, "ताई, किती ते नगं.
कधी, ते सांगा."

कधी.
ते तर मला ठाऊक होतं!
कुणाच्या मळ्यात कोणती टोळी उतरली,
किती सऱ्या राहिल्या, मुकादम कधी पैसे घेणार,
बैलगाड्या कोणत्या बांधावरून वळणार,
हे सगळं रोज नावेत ऐकत होते मी,
गोळ्या मोजत, मान खाली घालून.

त्या दिवशी आकड्याखाली लिहिलं :
परवा, संध्याकाळी सातनंतर,
पायगोंडा पाटलांचं पाचट. तीन एकर.
खिडक्या लावा. पोरांचा पंप उशाशी ठेवा.

लिहिलं, आणि हात थरथरला.
पाटलांच्या विहिरीवरून येतं आमचं पाणी.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले नावेतून,
सरपंचाकडं काही कागद होता त्यांचा.
फळ्यापुढं थांबले. चष्मा लावला.
गिरणीचा पट्टा तेवढा फटफटत होता.
मला वाटलं, आता फळा उतरतो,
नाहीतर मी.
त्यांनी कठड्यावरचा खडू उचलला,
'सात' वर एक रेघ मारली
आणि वर लिहिलं : नऊ.
"सातला वीज असती शेतीला," म्हणाले,
"मोटर चालू करायची असती."
आणि खडूचे हात धोतराला पुसत गेले.

नऊला पैलतीर तांबडा झाला.
साडेनऊला बेटावर एक खिडकी उघडी नव्हती,
फटींत ओली फडकी,
सुबरावनंसुद्धा दाराला पोतं लावलेलं.
अरमान त्याही रात्री बसूनच झोपला.
पण पंप शोधायला कुणी धावलं नाही.

सकाळी मोबाईल म्हणाला, समाधानकारक.
तेही लिहिलं मी, आदेश आहे.
'नऊ' मात्र पुसला नाही.

दुपारच्या नावेत सुबरावनं चिठ्ठी दिली,
विटांच्या हिशेबाच्या वहीतलं पान,
चार घड्या, कडेला लाल माती :
मंगळवारी पहाटे भट्टी लावतोय. सांगून ठेवा.

सही नव्हती.
खडू संपत आला होता,
मी नवा मागवला.