डावा पुढचा

फ्यूज आधी पाहिला. सगळे आधी फ्यूजच पाहतात,
कारण तो स्वस्त असतो.
शाबूत होता.

एप्रिल, थंडर बे. गॅरेजच्या तोंडाशी
मिठाने काळवंडलेला बर्फ अजून ढिगाने पडलेला,
आत माझी ब्यूक, दोन हजार चारची,
सहांपैकी तीन स्पीकर मुके.

शेजारची जोलीन पेल्टिए ही गाडी घेणार आहे,
जूनमध्ये सतरा पूर्ण झाली की.
आवाज नसेल तर दोनशे डॉलर कमी, म्हणाली,
आणि उलट्या बादलीवर बसून राहिली, टॉर्च धरून.

मागचे दोन सापडले.
डिकीतल्या गालिच्याखाली कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर,
त्याच्यावर टेललाइटच्या सडक्या रबरातून
कितीएक हिवाळ्यांचं पाणी थेंब थेंब उतरलेलं.
पिनांवर हिरवा गंज, बोट लावलं की भुगा.
टूथब्रश, व्हिनेगर, दोन तारांना नवा डाख,
आणि मागच्या सीटवरून एकदम कुणी सांगू लागलं
तलावावरचा वारा, धान्याच्या जहाजांच्या वेळा.
जोलीनने हवेत दोनाचा आकडा काढला.

राहिला डावा पुढचा. ड्रायव्हरच्या दारातला.
माझ्या गुडघ्याशी, वर्षानुवर्षं गप्प.

दाराचं अस्तर काढलं. दोन क्लिपा मोडल्या, त्या मोडतातच.
बिजागरीपाशी रबरी नळीत तारा तुटतात,
दाराची उघडझाप सोसून सोसून.
नळी सोलून पाहिली. तारा धड.
मीटर लावला: चार ओहमला जरासा कमी. निरोगी.
सुट्या टोकांना दीड व्होल्टचा सेल टेकवला,
कागदी पडदा पुढे उसळला.
"टक् झालं," जोलीन म्हणाली.
दिसलं मला, मी म्हटलं.

पुन्हा जोडला. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला.
आवाज उजवीकडूनच आला.
बारीक, भिंतीपलीकडून यावा तसा,
पण उजवीकडून.
म्हणजे तारांची अदलाबदल, मी म्हटलं,
शुक्रवारी दुपारी, सुटीच्या घाईत कुणीतरी.
कारखाना मला ठाऊक आहे.
बॉनेटवर नकाशा पसरला,
राखाडी तार, तपकिरी तार, पांढऱ्या पट्ट्याची तार,
तासभर बोट फिरवत राहिलो.

"वेइक्को," ती म्हणाली, "वाजतोय की तो."
कुठे?
तिने माझा तळवा धरून पडद्यावर ठेवला.

थरथरत होता.
निवेदकाचं एकेक अक्षर हाताला लागत होतं,
क आणि प जरा जोरात.
मी वाकून डावा कान टेकवला.
कान गार झाला, बाकी काही नाही.
मग मान फिरवून उजवा,
तर दारात चक्क माणूस बोलत होता,
उद्या उणे दोन, म्हणत होता, दुपारनंतर हिम.

एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत उभा होतो.
चार नंबरचं यंत्र माझ्या डाव्या हाताला,
उजवीकडे खिडकी, खिडकीत नदी.
कानात बोळे कधी घातले, कधी खिशातच राहिले.

हिल्क्का गाडीत नेहमी माझ्या उजवीकडे.
तिथलं तिचं सगळं ऐकू आलं,
वळणं, वेग, माझ्या भावाबद्दलची मतं.
जेवताना मात्र ती डावीकडे बसते,
आणि मी मुद्दाम कानाडोळा करतो म्हणते.
अकरा वर्षं म्हणते आहे.
तिचं खरं मानून मीही दोनदा माफी मागितली.

"मग दोनशे?" जोलीनने विचारलं.
एक डॉलरही नाही. सहाही चालू आहेत.
अस्तर दाबून बसवलं, बुक्की मारून, उरल्या क्लिपांवर.
दोन कमी आहेत, सांगून ठेवलं,
दार पुढेमागे खडखडेल.

"खडखडतंय," ती म्हणाली. "आत्ताच."