एका बाजूची शिट्टी

दस्तगीर नदाफ, क्लॅरिनेट.
पापाची तिकटी ते बिंदू चौक एका दमात.
दिवाळीत लागलेला खोकला
रंगपंचमीलाही तसाच.
दमा असंल, आम्हीच ठरवलं.
वरातीत एका खिशात पंप, एका खिशात रीड.

न्युमोनिया दोनदा झाला,
दोन्ही वेळा उजवीकडं, खालच्या त्याच कोपऱ्यात.
कुणी जोडून बघितलं नाही.
मधूनच तोंड लालबुंद व्हायचं,
ऊन नसताना.
नवरीपेक्षा तूच लाजतोस, म्हणायचो आम्ही.

रुमालावर लाल दिसलं.
पान, म्हणाला.
दस्तगीर पान खात नाही.
मला माहीत होतं.
मी ढोलाच्या दोऱ्या आवळत बसलो.

जुलेखाभाभीनं रात्री पाठीला कान लावला:
डावीकडं नुसता वारा,
उजवीकडं शिट्टी, रोज त्याच सुरात.
‘दमा असा एकाच बाजूला बसतो काय हो?’
सीपीआरमधला तरणा डॉक्टर
लिहायचा थांबला.

श्वासनळीत गाठ. वाटाण्याएवढी.
‘आत रीड अडकल्यागत वाटायचं बघ,’
दस्तगीर मला म्हणाला,
जणू मी विचारलं होतं.

आता तालमीत कुणी खोकलं
की मी दिवस मोजतो.
तीन आठवडे झाले
की वाजवणं थांबवून
त्याची बाही धरतो.