अळणी

मोटारसायकलवरून उतरली, तोंडावरची धूळही न पुसता
आधी त्याच्या दंडाला पट्टा बांधला.
वरचा एकशे अठ्ठ्याऐंशी, खालचा एकशे चार.
शारव म्हणाला, एवढे घोडे तर
माझ्या बापाकडेही नव्हते.
त्सोलमोन हसली नाही. एरवी हसरी पोर,
ती जन्मली तेव्हा पाणी मी तापवलं होतं.

मग गेरमध्ये फीत पसरली, दारापासून चुलीपर्यंत चार मीटर.
"नेहमीसारखं चाला, आजोबा."
नेहमीसारखं म्हणजे?
हा माणूस चालला कधी!
पाचव्या वर्षी खोगिरावर चढला
तो लग्नापुरता उतरला,
आणि आमच्या थोरल्याला पुरलं त्या दिवशी.
चार मीटरला आठ सेकंद.
तिने लिहून घेतलं.

तंबाखू: हो.
मेंढीच्या शेपटीची चरबी: हो.
गोळ्या: आठवल्या तर.
पाय सुजतात, बुटात मावत नाहीत.
घोड्यावर चढता येतं का,
अशी चौकट मी चष्मा लावून दोनदा शोधली.

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली,
"आजी, चहातलं मीठ कमी करा.
एकदम नको. कळू न देता."

आमच्या चहाला साखर नाही. दूध, मीठ, वर लोण्याचा गोळा.
सासूने कढईवर माझी मूठ उघडून दाखवलं होतं: एवढं.
एकावन्न वर्षं एवढंच.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
त्याच्या नसा जागल्या.
रात्रभर जाग्याच असतात,
मी कुशीवर वळून ऐकते.

पहिल्या आठवड्यात अर्धी मूठ.
मग तीन बोटांची चिमूट.
पांढऱ्या महिन्याचा सण आला तोवर दोन बोटांची.
तो वाटी चाटूनपुसून खाली ठेवायचा, म्हणायचा, झकास.
मी मनातल्या मनात जिंकत होते.

एकदा पलीकडच्या छावणीतला गोंबो आला.
एक घोट घेतला, वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
तो तोंड उघडणार एवढ्यात शारव म्हणाला,
"आमच्याकडे चहा असाच होतो."

म्हणजे पहिल्या दिवसापासून.

मुलाने शहरातून चाकांचा वॉकर पाठवला.
चाकं खड्यांत रुततात.
करडं त्याखाली झोपतात, त्यांना आवडला.

बर्फ वितळल्यावर एका सकाळी
त्याने मला दुधाचा क्रेट ओढायला लावला,
पिंगट घोड्याच्या डाव्या अंगाला.
एक पाय क्रेटवर.
एक हात आयाळीत.
आणि मग तसाच उभा, धापा टाकत.
घोडा हलला नाही. एरवी माशी बसली तरी उधळणारा.
किती वेळ, मी मोजला नाही. मोजायला त्सोलमोन आहे.

चढला नाही.
पाय खाली घेतला, कपाळ पुसलं,
ओला तळहात घोड्यापुढे धरला.
घोड्याने तो चाटला.
पुन्हा चाटला.
"याला देतेस का अळणी?" म्हणाला,
माझ्याकडे न बघता.