बॅटरीने विचारलं

लाइट गेली तेव्हा सहा नंबरच्या मागावर
ताण्याचे तीन धागे तुटलेले होते.
घोंगडे वस्तीतलं आमचं शेड, पत्र्याचं, मे महिना,
आतला अंधारसुद्धा गरम.
सगळे माग एकदम गप्प झाले की
कानात जे वाजत राहतं, त्याला आम्ही शांतता म्हणतो.
लाइट येईस्तोवर गाठी मारून ठेवाव्यात म्हटलं,
नगावर मजुरी आहे.

फोनचं टॉर्चचं बटण कधीचंच बिघडलेलं, म्हणून
थोरल्याने, श्रीहरीने, बॅटरीचं ॲप टाकून दिलं होतं.
दाबलं.
उजेडाच्या आधी प्रश्न आला:
तुमचे संपर्क पाहण्याची परवानगी द्यायची का?

आता बघा,
मंगळवार पेठेतून बापाने एक बॅटरी आणली होती,
तीन सेलची, चापट मारल्याशिवाय न लागणारी.
तिने बावीस वर्षांत एकदाही
मेव्हण्याचा नंबर मागितला नाही.
हिला मेव्हण्याचा हवा, दवाखान्याचा हवा,
ज्याच्याशी मी सात वर्षं बोललो नाही त्याचाही हवा.
मी कुठे उभा आहे ते हवं.
माईक हवा. फोटो हवेत.
अगं बाई, मला धागा दिसला पाहिजे फक्त.
वीतभर उजेड.

'नाही' दाबलं तर बंद पडते.
पुन्हा उघडली. पुन्हा तेच, जास्त नम्र.
घरी बायको असल्या चिवट पाहुण्याला
एका शब्दात वाटेला लावते: वद्दु.
नको, पण दार लावून म्हटलेलं नको.
फोनमध्ये तेलुगूसुद्धा आहे म्हणतात,
हा शब्द कुठल्याच बटणावर नाही.
तिथे फक्त 'आत्ता नको'.
म्हणजे उद्या येतो.

शेवटी दिली परवानगी. सगळी दिली.
अंधारात माणूस काहीही देतो.

तर उजेडाऐवजी जाहिरात.
एक पोरगी एसीखाली बसून हसतेय.
कोपऱ्यात फुली, तिळाएवढी,
आणि माझं बोट हे असं, सुताने चरे पाडलेलं.
फुलीवर ठेवलं की एसीच्या दुकानात.
मागे आलो. कर्ज घ्या.
मागे आलो. रमी खेळा.
मागे आलो, तेव्हा कुठे उजेड पडला.
दोन गाठी मारल्या,
तेवढ्यात लाइट आली.

तेव्हापासून तो कांड्यांच्या डब्यावर बसून ऐकतो.
मला वाटलं, ऐक की बे.
इथे काय ऐकणार, अठ्ठेचाळीस मागांची खटखट.
दहा तास खटक खटक, घे लिहून, पाठव तुझ्या मालकाला.
मी कुठल्या बोळात आहे ते त्याला पावलापर्यंत माहीत.
नळाला पाणी चौथ्या दिवशी की पाचव्या,
ते विचारलं की गप्प.

शुक्रवारी चहाच्या वेळी जाहिरात आली:
कमी ऐकू येतं का?
कानामागे दिसणारही नाही असं यंत्र, निम्म्या किमतीत.

राजेशम कोंडा माझ्या शेजारच्या मागावर, एकतीस वर्षं.
त्याचं ऐकणं कधी गेलं
ते त्यालाही ऐकू आलं नाही.
हे मी कुणाला बोललो नव्हतो.
मालकाला कळू नये म्हणून
शेडमधला कुणीच बोलला नव्हता.
मग सांगितलं कोणी? खटखटीने?

त्याला फोन दाखवला. डोळे बारीक करून वाचलं त्याने,
किंमत दोनदा वाचली,
हसला. मग हसायचा थांबला.
फोन घेऊन उपडा ठेवला,
त्यावर चार टॉवेल, त्यावर आणखी एक डझन,
आणि माग चालू असताना बोलतो तसा
बोटांनी बोलला माझ्याशी, बराच वेळ.

काय ते इथे लिहीत नाही.

चहा गार झाला.
टॉवेलांच्या खाली काहीतरी थरथरलं,
दोनदा.