नापास चाकूंची बादली

उर्वेची बादली खोलीच्या कोपऱ्यात असते,
पत्र्याची, एके काळी बटाट्यांची.
तिच्यात ती नापास चाकू टाकते,
लोणी लावायचे, जुनिपरच्या लाकडाचे.
मला त्यांत खोट दिसत नाही.
पण मी पडले हिशेब लिहिणारी धाकटी बहीण.

शनिवारी बादली सॉनाच्या चुलीत रिकामी होते.
धूरसुद्धा पहिल्या प्रतीचा.

पूर्वी ती मुहूच्या धक्क्यावर तिकिटं फाडायची
आणि दोन बोटींमधल्या रिकाम्या वेळात
गुणगुणत काहीबाही तासायची.
कुणाचं लग्न, कुणाचं नवं घर, की हातात एक चाकू.
वाकडा झाला तर म्हणायची,
झाडाला विचारा.

मग तालिनच्या हॉटेलाने चाळीस मागितले.
मीच म्हणाले, घे.
मीच धंद्याचं नाव नोंदवलं, शिक्का करून आणला.

आता नुसता पॉलिश कागद ऐकू येतो:
दोनशे चाळीस, चारशे, पुन्हा चारशे.
खिडकीशी धरून ती पातं बघते
डॉक्टर एक्स-रे बघतो तसं.
राईएवढी गाठ, बादली.
मूठ केसभर जाड, बादली.
एकात काहीच सापडेना.
"तेच तर," म्हणाली. बादली.

मुदत उलटली. एकोणचाळीस तयार,
चाळिसावा काही होईना.

मंगळवारी ती सरपणाला गेली
तेव्हा डोळे मिटून मी बादलीत हात घातला,
आला तो उचलला, तेल चोळलं, शिक्का मारला,
खोक्यात इतरांच्या कुशीत निजवला.

रात्री दोनला दिवा लागला.
जमिनीवर चाळीस ओळीने मांडलेले,
चष्मा कपाळावर, आणि उर्वे गुडघ्यांवर
एकेक चाकू नाकाशी नेऊन हुंगतेय.
"यांतला एक मी पास केलेला नाही."
मी दाराशी, गार पायांनी,
तोंडात मिठाची गुळणी.

उजाडेपर्यंत तिने तीन बाजूला काढले.
तोच त्यांत होता का?
शपथेवर सांगते, मलाही ओळखेना.

सकाळी सदतीस बोटीवर चढले.
उर्वेने काळी राईची पोळी कापली,
खणातला जुना चाकू काढला,
मूठ जळकी, पातं डावीकडे कललेलं,
धक्क्यावरच्या दिवसांतला.
लोणी लावलं. चाकू चाटला.
त्याला तिने कधी खिडकीशी नेलं नाही.

मी वहीत लिहिलं: तीन देणे.
तेवढ्यात कुठूनशी गुणगुण आली.
किटली असेल.